जुनी रेकॉर्ड लावली की मनात पाल का चुकचुकते? (७८ च्या तबकड्या, वेग, सूर आणि कानाचा कौल)

पितळी कर्णा

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्डी ऐकणाऱ्यांच्या ओळखीची गोष्ट आहे. सुई टेकते, पहिली ओळ येते आणि वाटतं, "काहीतरी खटकतंय." आवाज बारीक लागतोय, गाणं घाईत आहे, सूर डुलतोय. यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे कान सांगतो तेच खरं, दुसरं म्हणजे कानाचं काय घेऊन बसलात, मीटर लावा.

माझं मत असं की खटकलं तर काहीतरी बिघडलेलं असतं, हे बहुतेक वेळा खरंच निघतं. पण काय बिघडलंय याचा पहिला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. तक्रार खरी, आरोपी चुकीचा.

सगळ्यात जास्त फसवणारं उदाहरण देतो. आवाज बारीक, चिरका वाटला की पहिला संशय वेगावर जातो आणि लोक पिच-स्लायडर (वेग कमी-जास्त करायचा खटका) खाली ओढतात. पण १९२५ च्या आधीचं ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय, थेट भोंग्यात गाऊन झालेलं आहे. भोंगा साधारण २०० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा पकडतो. डग्गा जवळजवळ नाहीसा होतो, पुरुषाच्या आवाजातला खालचा भरणा जातो, उरतो तो मधला भाग. कान त्याला "बारीक" म्हणतो. वेग बरोबर असूनही.

दुसरं, "घाईत गातायत". दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन ते सव्वातीन मिनिटं, बारा इंचीला चार-साडेचार. एवढ्यात अस्थाई, अंतरा, ताना आणि शेवटी तिहाई बसवायची म्हटल्यावर गवई खरोखरच घाईत गात होते. वेग कमी करून ती घाई जात नाही, फक्त आवाज जाड होतो.

तर प्रश्न असा: खटकल्यापासून निदानापर्यंत पोहोचायला कोण काय क्रम वापरतं? आकडे द्या, "अनुभवाने कळतं" नको.

खरज

चांगला धागा. पण मुळात ७८ म्हणजे ७८ च का धरायचं? विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या तबकड्या ७० पासून ८२ पर्यंत कुठल्याही वेगाने कोरलेल्या सापडतात. लेबलावर ७८ लिहिलेलं असो वा नसो.

काळी चार

खरज बरोबर बोलतायत, पण त्याआधी आपलं यंत्र नेमकं किती फिरतंय ते बघायला हवं. ते न बघता तबकडीवर संशय घेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ७७ पट्ट्यांची स्ट्रोब चकती (फिरत्या यंत्रावर ठेवून, लुकलुकत्या दिव्याखाली वेग तपासायची छापील चकती) लागते. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणजे मिनिटाला ६०००. ६००० भागिले ७७ केलं की ७७.९२ येतात. पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. नेटवरून छापून घेतलेली चकती बरेचदा ९२ पट्ट्यांची असते. ती ६० हर्ट्झची, म्हणजे अमेरिकेची. आपल्या दिव्याखाली ती स्थिर दिसेपर्यंत वेग कमी केलात तर ६५ वर जाऊन बसाल, आणि मग प्रत्येक गवई दमलेला वाटेल.

चूक किती आहे हेही त्याच चकतीवर मोजता येतं. चकतीबाहेर एक खूण धरा. मिनिटात ७७ पट्ट्या फिरण्याच्या दिशेने पुढे सरकल्या तर एक फेरा जास्त, मागे सरकल्या तर एक फेरा कमी. मिनिटात वीसेक पट्ट्या सरकत असतील तर चूक पाव फेऱ्याची, ती सोडून द्या.

दिवा कुठला? चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी लुकलुकत नाही, त्याखाली पट्ट्या नुसत्या राखाडी दिसतात. एक्स्टेन्शन बोर्डावरचा तो छोटा लाल निऑन असतो ना, तो अंधारात चकतीजवळ धरा. उत्तम काम करतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मात्र हा उद्योग करू नका, त्याची वारंवारता नेमकी ५० असेलच असं नाही.

आणि मोजताना सुई तबकडीवर टेकलेली हवी. रिकामं फिरणारं यंत्र नेहमी बरोबरच फिरतं.

तिहाई

चावीच्या ग्रामोफोनला हे दुप्पट लागू. साउंड बॉक्स (सुई बसवलेला, आवाज काढणारा डबा) आणि त्याला धरणारा हात यांचं वजन एलपीच्या (नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या) हातापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे सुई टेकताच वेग पडतो. प्रत्येक बाजूला पूर्ण चावी द्यायची, "अजून अर्धी आहे" म्हणायचं नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात सूर उतरत गेला तर तो गवयाचा दोष नव्हे. मध्येच आतून धाड असा आवाज आला आणि सूर हिसकला, तर स्प्रिंगचं वंगण सुकून वेटोळी एकमेकांना चिकटतायत. ग्राफाइटचं ग्रीस लागेल. स्प्रिंगचा डबा मात्र माहितगाराकडूनच उघडून घ्या, ती स्प्रिंग हात कापते.

पोलादी टाचणी एका बाजूला एक. दुसऱ्या बाजूला तीच वापरणं म्हणजे खाच तासणं.

माजघर

यंत्राचा वेग बरोबर आहे असं धरलं. आता तबकडीचा मूळ वेग ठरवायला पेटीचा सूर धरला तर? पेटीच्या पट्ट्या गवयासारख्या चढत-उतरत नाहीत.

काळी चार

पेटी हाच उत्तम साक्षीदार, पण तो निम्मीच साक्ष देतो.

पद्धत सांगतो. गाण्याचा सा मोजू नका. गवई सा वर येताना मींड घेतो, आंदोलन देतो. दोन ओळींच्या मधे पेटी एकटी लांबते तो सूर धरा. फोनवरचा ट्यूनर चालेल, फक्त सेंट (एका पट्टीचा, म्हणजे अर्ध्या सुराचा, शंभरावा भाग) दाखवणारा हवा. एकाच बाजूवर निदान आठ-दहा ठिकाणी वाचा आणि मधली किंमत घ्या.

समजा ७८ वर पेटीचा सा काळी एकच्या ४० सेंट वर आला. म्हणजे दोन शक्यता. गाणं काळी एकमधलं आणि तबकडी जास्त वेगाने फिरतेय, तर खरा वेग ७६.२. किंवा गाणं पांढरी दोनमधलं (काळी एकच्या लगेच वरची पट्टी) आणि तबकडी हळू फिरतेय, तर खरा वेग ८०.७. पेटी या दोन्हींपैकी एक निवडून देत नाही. ती फक्त मधले वेग बाद करते.

हिशोब सोपा आहे. ७८ च्या आसपास एक फेरा म्हणजे २२ सेंट. एक अख्खी पट्टी चढायला ८२.६ लागतात, उतरायला ७३.६.

त्यातही एक मेख आहे. पेटी आजच्या ४४० ला (पाश्चात्त्य 'ए' सुराचं प्रमाण, हर्ट्झमध्ये) मिळवलेली होती हे कशावरून? फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ हे प्रमाण होतं, तो फरक २० सेंटचा. इंग्लंडमध्ये ४५२ च्या आसपासचं उंच प्रमाणही चालायचं, तो फरक जवळपास ४७ सेंटचा, म्हणजे अर्धी पट्टी. तेव्हा "पेटी बरोब्बर पट्टीवर आणली की वेग सापडला" असं म्हणणाऱ्यांपासून जरा लांब राहावं.

खरज

मग निवड कोण करतं? शेवटी कानच ना!

काळी चार

हो, पण त्याला नेमका प्रश्न विचारायचा. "कुठलं छान वाटतं?" हा प्रश्न बाद. जरा चढा सूर नेहमीच तजेलदार वाटतो. "कुठल्या वेगाला 'आ' हा माणसाचा 'आ' वाटतो?" हे विचारा. वेग वाढला की सुराबरोबर तोंडाच्या पोकळीचा गुंजनही वर सरकतो. 'आ' पसरट होतो, 'ओ' उघडतो, आणि मोठ्या माणसाच्या गळ्यात लहान मुलाचं तोंड बसवल्यासारखं होतं. नुसत्या चढ्या सुरात गाणाऱ्याचं असं होत नाही. बारीक वाटणं आणि वेगाने फिरणं यातला फरक इथे पकडता येतो.

बोललेला शब्द मिळाला तर सोन्याहून पिवळं. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं, त्यात शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. मूळ तबकड्या छपाईला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या; तिथे लेबल लावणाऱ्याला कोण गातंय ते कळावं म्हणून ही सोय. त्या काळच्या बऱ्याच तबकड्यांच्या शेवटी असं नाव सापडतं. तिथे सूर ऐकू नका, कारण भोंग्यात ओरडून सांगितलेलं असतं, सूर चढणारच. व्यंजनं ऐका. 'ज', 'र', 'न' घाईत गिळले जातायत की सुटे येतायत?

पितळी कर्णा

यात एक भर. खाचेच्या शेवटी, लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो. लेबलावरचा क्रमांक विक्रीचा, हा ध्वनिमुद्रणाचा. त्याच गवयाच्या दोन बाजूंचे मॅट्रिक्स क्रमांक लागोपाठचे असतील तर त्या एकाच बैठकीत, एकाच यंत्रावर आणि बहुधा त्याच पेटीवर झालेल्या. दोन्ही बाजू ७६.२ ला नीट बसतात की ८०.७ ला, ते बघायचं. एक बाजू एका वेगाला आणि दुसरी दुसऱ्याला पटत असेल तर आपलं निदान चुकलंय. चार-पाच बाजू मिळाल्या तर आणखी पक्कं.

काही जुन्या मुद्रणांत एकाच बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटाला पेटीचा सूर वेगळा येतो, कारण कोरणारं यंत्रच वजनावर चालायचं आणि वेग सांभाळू शकायचं नाही. म्हणून वाचनं बाजूभर पसरलेली घ्या, नुसत्या पहिल्या मिनिटातली नकोत.

बोरीबंदर

अवांतर: ज्या रेकॉर्डच्या वेगाबद्दल वाद घालायची सोयच ठेवलेली नाही अशी एक आहे. १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरची सोनेरी तबकडी. १६⅔ फेऱ्यांची. वेष्टणावर आकृती कोरून एका फेऱ्याला किती वेळ लागावा ते सांगितलंय, ३.६ सेकंद, आणि तेही हायड्रोजनच्या अणूतल्या बदलाच्या मापात. तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. परग्रहावरच्या श्रोत्याला वेग लिहून दिला, आपल्याला मात्र पेटीवरून ओळखायला ठेवलंय.

पितळी कर्णा

हा हा. अवांतर चालेल.

माजघर

सूर डुलण्याबद्दल कोणी बोललं नाही. लांब सुरावर हेलकावा येतो, पण नियमित. हे वेगाचंच का?

लाखेचा डबा

नियमित असेल तर आधी मोजा. ७८ वर एक फेरा ०.७७ सेकंदाचा. हेलकावा तेवढ्याच अंतराने येत असेल तर दोष तबकडीत आहे. सुईचा हात बघा. आडवा डुलत असेल तर मधलं भोक केंद्रात नाही. वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलीय. दोन्ही नसेल आणि हेलकावा वेगळ्या अंतराने येत असेल तर मग दोष यंत्रात: बेल्ट, आयडलर (तबकडी फिरवणारं रबरी चाक), बेअरिंग.

भोक किती सरकलंय त्यावर डुलणं ठरतं. १ मिलिमीटर सरकलेलं असेल तर केंद्रापासून १०० मिलिमीटरवर सूर १ टक्का वर-खाली होतो, म्हणजे १७ सेंट. तेच ५० मिलिमीटरवर, शेवटाकडे, २ टक्के, ३४ सेंट. म्हणून "सुरुवात ठीक, शेवटी बेसूर" हे ऐकलं की गवयाला नावं ठेवण्याआधी भोक बघायचं. आंदोलित गांधार आणि वाकडं भोक यात गल्लत करणारे आहेत. गवयाचं आंदोलन घड्याळाच्या काट्यासारखं येत नाही.

उपाय: कानस लावून भोक मोठं करू नका. खाली एखादी निकामी रेकॉर्ड किंवा जाड मॅट टाका, म्हणजे मधला खिळा पृष्ठभागाच्या खाली राहतो. मग वरची तबकडी बोटाने किंचित सरकवत, हाताचं आडवं डुलणं थांबेपर्यंत बसवा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं.

तिहाई

आवाज फाटका येतो, विशेषतः जोरकस तानांवर, त्याचं?

लाखेचा डबा

आधी सुई कुठली ते सांगा. निम्म्या तक्रारी इथे मिटतात. एलपीची सुई ०.७ ते १ मिलची, एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ७८ ची खाच रुंद, तिला ३ मिलच्या आसपासची सुई लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाशी जाऊन लोळते, तळाचा सगळा गाळ वाजवते आणि भिंतींना धड टेकतही नाही. "खूप खरखर आहे, रेकॉर्ड गेली" असं म्हणून टाकून दिलेल्या कित्येक तबकड्या ३ मिलच्या सुईखाली चांगल्या वाजतात. वजन ३ ते ५ ग्रॅम, कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कागद सांगेल तसं.

३ मिलवरही फाटत असेल तर पोलादी टाचणीने भिंतीचा तेवढा पट्टा झिजलाय. वेगळ्या उंचीवर टेकणारी सुई बघा. २.५ खाली जाऊन टेकते, ३.५ वर. एखादीला न झिजलेली जागा सापडते. दोन्हींना फाटलं तर मात्र खाच गेली, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर काही करत नाही.

स्टिरिओ कार्ट्रिजवर वाजवत असाल तर डावं-उजवं एकत्र करून मोनो करा. सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर तिथेच बरीचशी रद्द होते. एक भिंत जास्त खराब असेल तर उलट, जी बाजू स्वच्छ तीच एकटी घ्या. दोन्ही ऐकून ठरवा.

धुण्याबद्दल एकच वाक्य ठळक करतो: लाखेच्या तबकडीला स्पिरिट, आयसोप्रोपिल, कोलोन, काहीही अल्कोहोल लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. एक लिटर कोमट नव्हे, साध्या पाण्यात सौम्य, बिनवासाच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, लगेच टिपून उभी वाळवायची. भिजत घालायची नाही, उन्हात तर नाहीच. कडेला चीर असेल आणि आत पुठ्ठ्याचा थर दिसत असेल तर पाणीही नको. कोकणातल्या पावसाळ्यात चढलेली पांढरी बुरशी आधी कोरड्या ब्रशने, घराबाहेर, तोंडाला कापड बांधून झाडायची.

माजघर

"घोंगडीखालून गातायत" असा आवाज येतो तो? मायक्रोफोनच्या काळातली तबकडी, सुई ३ मिलची, तरी.

काळी चार

फोनो प्रीअॅम्प, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग. त्याच्यात आरआयएए वक्र (कुठली वारंवारता किती वाढवायची-कापायची याचं ठरलेलं माप) बसवलेला असतो आणि तो १९५४ च्या सुमारास रूढ झाला. तुमची तबकडी त्याआधीची. आरआयएए १० हजार हर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो, कारण एलपी कोरताना तेवढं वाढवलेलं असतं. ७८ कोरताना बहुतेक वेळा ते वाढवलेलंच नव्हतं. नसलेली वाढ कापली जाते, म्हणून घोंगडी. खालचे सूरही आरआयएए गरजेपेक्षा जास्त फुगवतो.

वक्र बदलता येणारा प्रीअॅम्प असेल तर एचएमव्हीच्या विद्युत (मायक्रोफोनने केलेल्या) मुद्रणांसाठी २५० ते ३०० हर्ट्झचा टर्नओव्हर (ज्याच्या खालचे सूर वाढवले जातात ती वारंवारता) आणि वरचा भाग सपाट, इथून सुरुवात करा. भोंग्यातल्या मुद्रणाला कुठलाच वक्र नव्हता, ते सपाट घेऊन मग हाताने थोडं सावरायचं.

आणि घूं असा आवाज येत असेल तर वेग बदलून बघा. घूं चा सूर वेगाबरोबर सरकला तर तो तबकडीत आहे. ढिम्म राहिला तर तुमच्या अर्थिंगमध्ये.

बोरीबंदर

यंत्राला ७८ नाहीच, ३३ आणि ४५ च आहे, अशांनी? ४५ वर वाजवून संगणकावर वेग वाढवला तर चालतं ना?

काळी चार

चालतं, दोन अटींवर. वाढ ७३.३ टक्के, आणि ती वेगाची हवी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये "पिच बदला" आणि "टेम्पो बदला" असे वेगळे पर्याय असतात, ते नकोत. वेग बदलणारा घ्या, सूर आणि लय दोन्ही एकत्र सरकायला हवेत. दुसरी अट, आरआयएए वगळून सपाट मुद्रण. ४५ वर वाजवताना सगळ्या वारंवारता खाली सरकलेल्या असतात, वक्र चुकीच्या जागी लागतो, आणि नंतर वेग वाढवून ती चूक सुधारत नाही. ती चुकीची जागाच वर सरकते.

खरज

माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. पहिल्या पाच सेकंदांत जे वाटतं ते नंतर दहा मिनिटं ऐकून ठरवलेल्यापेक्षा खरं असतं.

पितळी कर्णा

यावर पूर्ण सहमत, आणि त्याचं कारण आहे. दहा मिनिटांत कान चुकीच्या वेगालाही सरावतो. तीन फेरे जास्त असले तरी चौथ्या बाजूपर्यंत ते "बरोबर" वाटायला लागतं. म्हणून पहिलं वाटलेलं लगेच कागदावर लिहायचं, मोजण्याआधी. "बारीक", "घाई", "घोंगडी", "डोलतंय", एवढा एक शब्द पुरे, निदान नको. मग मोजायचं. वेग बदलून परत ऐकण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, किंवा तानपुरा अॅपवर काळी एक लावून कान धुवायचा.

उलटी बाजूही आहे. लहानपणापासून कॅसेटवर ऐकलेलं पद त्या कॅसेटच्या वेगाने डोक्यात बसलेलं असतं. प्लेअर अर्धी पट्टी चढा असेल तर आयुष्यभर तेच खरं वाटतं, आणि मूळ तबकडी योग्य वेगाने लावली की "उतरलेली" वाटते. ओळखीच्या गाण्यावर कान कमी भरवशाचा. अनोळखी गाण्यावर जास्त.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. एखादा डेसिबलही मोठं असेल तेच "मोकळं" वाटतं आणि निकाल तिथेच लागतो.

तिहाई

कॅसेटचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. आवाज एकदम मंद झाला असेल तर आधी फितीमागची छोटी फेल्टची गादी जागेवर आहे का बघा, डिंक सुटून पडलेली असते. गादी असेल तर अॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन: हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू, पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवत, मोनोत ऐकत, टाळ-झांज सगळ्यात खणखणीत येतील तिथे थांबा. हेडला आयसोप्रोपिल चालतं, रबरी रोलरला साबणपाणी. (तेच आयसोप्रोपिल नंतर तबकडीजवळ नेऊ नका, वर वाचलंत ना.)

माजघर

सगळ्यांचे आभार. क्रम असा लावतोय: शब्द लिहिणे, निऑनवर यंत्राचा वेग, सुई, वक्र, भोक, आणि शेवटी पेटी. बरोबर?

लाखेचा डबा

सुई वेगाच्याही आधी घ्या. चुकीच्या सुईवर पेटीचा सूर खरखरीत बुडतो आणि ट्यूनर भलतंच दाखवतो. आणि संगणकावर उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला, काहीही न पुसता एक प्रत बाजूला ठेवा. फाइलच्या नावात सुई, वेग, वक्र लिहा. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर, तीही सहा-आठ डेसिबलपर्यंतच. त्यापुढे तानपुरा पाण्याखाली जातो.

माजघर

आणि तो मॅट्रिक्स क्रमांक? लेबलाजवळ बघितलं, काही दिसत नाही.

पितळी कर्णा

समोरून नाही दिसणार. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च तबकडीच्या पातळीत, अगदी आडवी धरा आणि तबकडी हाताने हळू फिरवा. काही वेळा अंक लेबलाच्या कागदाखाली दाबले गेलेले असतात. तिथे कागदावर उठाव दिसतो, बोटाला लागतो. कागद सोलू नका.